पायांपुरती बाई

काडीला ना जात असते, ना रंग, ना लुगडं. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' केला, तेव्हा पडद्यावर नाचल्या त्या नुसत्या काडेपेटीतल्या काड्या. महायुद्धाने भांडवल आटवलं होतं, मोठा पौराणिक चित्रपट झेपणारा नव्हता; म्हणून लघुपट. काडी किंचित सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची. पॅरिसमध्ये एमिल कोलने १९०८ मध्ये काड्यांचाच असा खेळ केला होता. फाळक्यांच्या खेळाची प्रत आज उपलब्ध नाही.

माणूस आला की मात्र निवड करावी लागते. 'राजा हरिश्चंद्र'साठी (१९१३) फाळक्यांना बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. 'लंकादहन'मध्ये (१९१७) राम तेच आणि सीताही तेच! मधल्या काळात, नाशकात तयार झालेल्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई गोखले कॅमेऱ्यासमोर आल्या. पडद्यावर कोण दिसणार, हा प्रश्न मराठी सिनेमाला जन्मापासूनच चिकटलेला आहे.

अमेरिकी धपाधपीच्या कार्टूनांनी याच प्रश्नाला फार सोपं उत्तर दिलं. हॅना आणि बार्बेरा यांच्या 'टॉम अँड जेरी' मालिकेतल्या पहिल्या 'पुस गेट्स द बूट'मध्ये (१९४०) मांजराला, म्हणजे पुढच्या टॉमला, दम देणारी कृष्णवर्णीय बाई आहे. तिचे जाड पाय, सपाता, झाडू एवढंच दिसतं, चेहरा नाही. मांजराच्या उंचीवरून पाहिलं की माणूस पायांपुरताच उरतो, हे खरं. पण तिचे तुटक उच्चार आणि कमरेचा एप्रन त्या काळच्या अमेरिकेतल्या ठरीव कृष्णवर्णीय मोलकरणीचे, 'मॅमी'चेच. मांजराची उंची ही सबब पुरेशी नाही. एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांची संघटना अशा पात्रांवर आक्षेप घेत होती; १९५२ नंतर ही बाई मालिकेतून नाहीशी झाली.

नाशकातल्या गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये जेवताना टॉम अँड जेरी पाहणाऱ्या पोराला ती कोण वाटत असेल? घर तिचं, हुकूम तिचा, मांजर तिच्या धाकात, म्हणजे मालकीणच. धुणंभांडी करणाऱ्या मावशी इतक्या चढ्या आवाजात बोलताना त्याने पाहिलेल्या नसतात. गमतीची गोष्ट अशी, की काही भागांत ती खरोखरच घरमालकीण भासते. अमेरिकेचा इतिहास ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाने तिला आपसूक बढती दिली, हे चांगलं की वाईट, याचा निकाल लावणं अवघड आहे. पण स्फोटानंतर टॉमचं तोंड काळं होऊन ओठ जाड होतात, तो विनोद इथेही निर्धास्त हसवतो. गोऱ्या रंगाचं कौतुक आपल्याकडे कमी आहे का?

दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांना मूळ चित्रं पचेनात, तेव्हा डागडुजी सुरू झाली. साठच्या दशकात काही भागांत तिच्या जागी सडपातळ गोरी बाई रंगवली आणि जून फोरे या अभिनेत्रीचा आवाज दिला. नव्वदच्या दशकात थिया विडाल या कृष्णवर्णीय विनोदी अभिनेत्रीकडून संवाद पुन्हा बोलून घेतले. पाय तेच, बोली सौम्य. मूळ आवाज लिलियन रॅन्डॉल्फ यांचा. त्या काळच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव नव्हतं.