दहा चित्रांत मावलेली हालचाल

सातारा जिल्ह्यात वडूजहून औंधला गेलं की यमाईचा डोंगर लागतो आणि डोंगराच्या अंगावर भवानी चित्रसंग्रहालय. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभारलं. आत राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं दगडातलं मायलेकरू आहे. त्याच १९३८ साली लंडनच्या डेंट प्रकाशनाने बाळासाहेबांचं एक इंग्रजी पुस्तक काढलं. संपादन लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंचं, नाव 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ'. विषय आपले सूर्यनमस्कार!

बाळासाहेब स्वतः चित्रकार. तरुणपणी ते सँडो या युरोपीय शरीरसौष्ठवपटूच्या पद्धतीने व्यायाम करत. पुढे मिरजेच्या राजेसाहेबांचं पाहून नमस्काराकडे वळले आणि संस्थानातल्या शाळांमध्येही नमस्कार सुरू केले. चित्रकला आणि व्यायाम ही त्यांची दोन वेगळी वेडं होती, असं आपण सहज म्हणतो. मला ते एकच वेड वाटतं.

कारण व्यायामाचं पुस्तक करणाऱ्यापुढचा पेच चित्रकाराचाच असतो. नमस्कार वाहता असतो आणि कागद तर हलत नाही. मग वाहत्या अंगाला थांबवायचं कुठे? फार कमी जागी थांबवलं तर पाय मागे कधी गेला ते कळत नाही. फार जागी थांबवलं तर वाचणारा गोंधळतो. बाळासाहेबांच्या मांडणीत दहा स्थिती आहेत. १९१६ साली त्यांनी 'चित्ररामायण' काढलं होतं. एवढी लांब कथा चित्रांत सांगायची तर मागचं आणि पुढचं दोन्ही ज्यात दिसेल असा क्षण निवडावा लागतो. तोच डोळा इथे कामाला आला असणार.

या दहा स्थिती एका ओळीत मांडून पाहा. पहिली आणि दहावी, दुसरी आणि नववी, तिसरी आणि आठवी या जोड्या जवळजवळ सारख्याच. गेलेल्या वाटेनेच अंग परत येतं. मधोमध साष्टांग: कपाळ, छाती, दोन तळवे, दोन गुडघे, दोन पावलं, आठही जमिनीला. आणि आकृती काढायची ती बाजूनेच, कारण पाठीच्या कण्याचा बाक समोरून दिसत नाही.

श्वास मात्र कुठल्याच चित्रात येत नाही. त्याची जागा इथे आवाजाने घेतली आहे. नमस्कारासोबतच्या मंत्रांतली ह्रां, ह्रीं, ह्रूं ही बीजाक्षरं मोठ्याने म्हणून पाहा: स्वर लांबला की श्वासही आपोआप लांब सुटतो. म्हणजे चित्र डोळ्यांसाठी, मंत्र फुप्फुसांसाठी. शिकवण्याची इतकी नेमकी युक्ती मी क्वचितच पाहिली आहे.

बाळासाहेब वैद्य नव्हते, आणि नमस्कारांनी बरंच काही बरं होतं हा त्यांचा विश्वास मला जसाच्या तसा घेता येत नाही. हृदयविकार किंवा पाठीचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. पण कला आणि आरोग्याचं नातं आता गांभीर्याने तपासलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या अहवालाने तीन हजारांहून जास्त अभ्यास त्यासाठी धुंडाळले.

आज वडूजच्या एखाद्या घरात आजारातून उठणाऱ्या माणसासाठी असं पुस्तक करायचं झालं तर? ते जमिनीवर उघडं ठेवलं तरी मिटू नये, कारण दोन्ही हात कामात असतात. अक्षर उभ्या माणसाला वाचता येईल एवढं मोठं हवं. खुर्चीत बसून करायच्या हालचालींची वेगळी चित्रं हवीत. आणि दर पानावर एक कोरी चौकट असावी, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली. आज हात कुठवर वर गेला, ते त्या माणसाने स्वतःच तिथे रेघेने काढावं.