हा नियम आला कुठून? सॉफ्टवेअरमधले फेरफार

सॉफ्टवेअरच्या गरजा लिहून काढल्या, की काम संपत नाही. लिहिलेली गरज कोडमध्ये नेमकी कुठं गेली, आणि ती बदलली तर कुठंकुठं हात घालायचा, हा आजचा विषय. याला रिक्वायरमेंट ट्रेसेबिलिटी म्हणतात. आपण साधं 'गरजेचा माग' म्हणू.

नायगावात बसून हे समजायला सातबारा पुरेसा आहे. सातबाऱ्यावर नावाजवळ फेरफार क्रमांक असतो. तो घेऊन गाव नमुना सहा उघडला, की कळतं, हे नाव वारसानं लागलं की खरेदीखतानं. बदलाचीही रीत ठरलेली आहे. ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचा तलाठी) नोंद धरतो, नोटीस निघते, हरकतीला मुदत मिळते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबारा बदलतो. जुन्या नावाला कंस होतो. ते पुसलं जात नाही. सॉफ्टवेअरला हीच शिस्त लागते.

आता एक खरं उदाहरण घेऊ. 28 जून 2017 च्या शासन निर्णयानं छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली. कर्जमाफीची मर्यादा दीड लाख, आणि एकक कुटुंब, म्हणजे पती, पत्नी आणि 18 वर्षांखालची मुलं. अर्ज ऑनलाइन. कर्ज कधीपासूनचं धरायचं? आधी 1 एप्रिल 2012 ठरलं, मग थोड्याच दिवसांत ते 1 एप्रिल 2009 झालं.

समजा, असं सॉफ्टवेअर आपल्याला लिहायचंय. 'गरज 4: कर्जाची उचल 1 एप्रिल 2012 नंतरची' ही एक ओळ चार ठिकाणी जाते: अर्जातला तारखेचा रकाना, बँकांकडून माहिती मागवायचा तक्ता, पात्रतेची तपासणी आणि चाचण्या. तारीख बदलली. आपण पात्रतेची तपासणी दुरुस्त केली, पण बँकेचा तक्ता विसरलो. काय होईल? प्रोग्रॅम बंद पडणार नाही, पडद्यावर लाल अक्षरं येणार नाहीत. फक्त 2010 मध्ये कर्ज उचललेला शेतकरी यादीत दिसणार नाही. अशी चूक ओरडत नाही, म्हणून ती जास्त वाईट.

यावर उपाय म्हणजे एक तक्ता. प्रत्येक ओळीत गरजेचा क्रमांक, शासन निर्णयातलं कलम, कोडचा भाग, चाचणी आणि बदलाला मंजुरी कुणी दिली ते. डावीकडून उजवीकडं वाचलं, की कळतं नियम बदलला तर काय हलेल. उजवीकडून डावीकडं वाचलं, की कळतं ही तपासणी मुळात का आहे. गरजेसमोर चाचणी नसेल, तर ती तपासलेलीच नाही. कोडसमोर गरज नसेल, तर ते कुणी मागितलं होतं, हे विचारायचं.

सगळे बदल सारखे नसतात. 27 डिसेंबर 2019 च्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत मर्यादा दोन लाख झाली आणि एकक कुटुंबाऐवजी वैयक्तिक शेतकरी झालं. मर्यादा हा एक आकडा आहे. कुटुंब मात्र सगळ्या हिशोबाचा पाया: खाती एकत्र करणं, मर्यादा लावणं, रक्कम वाटणं, सगळं त्यावर उभं. म्हणून बदलाला 'हो' म्हणण्याआधी माग काढायचा, ओळी मोजायच्या आणि मगच दिवस सांगायचे.

हा तक्ता ठेवणं कटकटीचं आहे, आणि जुना झालेला तक्ता फसवतो. म्हणून सगळ्याचा माग ठेवू नका. पैसा आणि पात्रता ठरवणाऱ्या नियमांचा ठेवा. गिटमध्ये बदल नोंदवताना संदेशात गरजेचा क्रमांक टाका. चाचणीच्या नावातही तोच टाका. निम्मं काम तिथंच होतं.

एवढं कशासाठी? उद्या खिडकीवर कुणी विचारेल, "साहेब, माझं नाव का नाही?" 'सिस्टीम घेत नाही' हे उत्तर नव्हे. कोणत्या कलमानं नाव गळलं ते सांगता आलं, तरच त्या माणसाला हरकत घेता येते.

पुढच्या वेळी येताना आपल्याच प्रोग्रॅममधली एक अट उचलून आणा, आणि ती कुणी, कधी, का घातली ते सांगा. बघू किती जणांना सापडतं.