धंदेवाईक हॉकी आणि शाळकरी मुलें

२०२४ सालीं हॉकी इंडिया लीगच्या लिलावांत हरमनप्रीत सिंग यांस ७८ लक्ष रुपयांची बोली आली, तेव्हां खेळाचा बाजार झाला म्हणून माझ्या कांहीं स्नेह्यांनीं नाकें मुरडलीं. मला समाधान वाटलें. खेळाडूलाही संसार असतोच कीं! माझी चिंता निराळी आहे.

१९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठे सामने कृत्रिम हिरवळीवर, म्हणजे टर्फवर, होऊं लागले. मातींत चेंडू उसळतो, वाट बदलतो. तेथें मनगटाची लवचीकता कामास येते. पाणी मारलेल्या टर्फवर तोच चेंडू सरळ व वेगानें धांवतो. तेथें गुडघे वांकवून, काठी जमिनीलगत धरून, क्षणांत तो सोबत्याकडे धाडावा लागतो. मातींत मुरलेली संवय सोळाव्या वर्षीं मोडणें अवघड. खडकीच्या वसाहतींत मोडक्या काठ्यांनीं खेळलेले धनराज पिल्ले १९९२ ते २००४ या काळांत ४ ऑलिंपिकें खेळले, हें खरें. परंतु शाळांची योजना अशा अपवादावर आंखतां येत नाहीं.

संघ ज्या प्रांताचें नांव मिरवितो, तेथील शाळांसाठीं त्यानें आठवड्यांतून दोन सकाळी टर्फ भाड्यानें घेऊन द्यावें. काठ्यांचें मागाहून पाहूं.