डॉमिनिकाला जाताय? बॅग भरण्याआधी हे वाचा

जुलै २०२३ मध्ये मुंबईकर यशस्वी जयस्वालने पदार्पणाच्या कसोटीत १७१ धावा केल्या, ते मैदान डॉमिनिकाच्या राजधानीत, रोझो शहरात आहे. क्रिकेटमुळे हे नाव अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं. आता काही जण क्रिकेटसाठी, तर काही जण अमेरिकेतल्या मुलांबरोबर क्रूझने तिथे जातात. मग आमच्याकडे प्रश्न येतो, "डॉक्टर, बाबांना शुगर आहे, नेऊ का?"

बहुतेक वेळा उत्तर 'न्या' असंच असतं. पण आधी हे बेट कसं आहे ते समजून घ्या.

क्षेत्रफळ सुमारे ७५० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा थोडंसं मोठं. लोकसंख्या मात्र सत्तर हजारांच्या आसपास. भाषा इंग्रजी, घरी क्रेओल. सगळीकडे डोंगर, घनदाट जंगल आणि नद्या. मुख्य रुग्णालय रोझोमध्ये आहे आणि तिथपर्यंतचे रस्ते घाटातले. मुख्य विमानतळावरून रोझोला यायलाच तासाभराहून जास्त वेळ लागतो. तातडीचे उपचार तिथे होतात, पण गुंतागुंतीच्या आजारात रुग्णाला बेटाबाहेर हलवावं लागू शकतं. त्यामुळे विमा काढताना 'रुग्णाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च' त्यात आहे का आणि आधीपासूनचा आजार त्यात धरला आहे का, हे लेखी विचारा. अमेरिकेसाठी काढलेला विमा डॉमिनिकात चालेलच असं नाही.

एक गोंधळ हमखास होतो. डॉमिनिका वेगळं आणि डॉमिनिकन रिपब्लिक वेगळं. दुसरा देश बराच मोठा आहे, तिथे स्पॅनिश बोलतात आणि त्याच्या काही भागांत मलेरिया आहे. डॉमिनिकात मलेरियाचा धोका नाही. इंटरनेटवर चुकीच्या देशाची माहिती वाचून मलेरियाच्या गोळ्या सुरू करू नका. विम्याच्या अर्जावरही देशाचं नाव दोनदा तपासा.

औषधं

मुक्कामाला लागतील त्यापेक्षा किमान दोन आठवड्यांची औषधं जास्त न्या. जून ते नोव्हेंबर हा तिथे चक्रीवादळांचा काळ. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळाने या बेटावरच्या बहुतेक घरांची छपरं उडवली होती. असं काही झालं तर विमानं थांबतात, वीज जाते, औषधांची दुकानं बंद राहतात. आपल्याकडचं ब्रँडचं नाव तिथे कुणाला कळणार नाही, म्हणून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहून घ्या.

इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नाही. भारतातून निघालात तर घड्याळ साडेनऊ तास मागे जातं, म्हणजे प्रवासाचा दिवस तेवढा लांबतो. त्या दिवशी इन्सुलिन किती आणि केव्हा घ्यायचं हे तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. विमानात बसून अंदाज बांधू नका.

गरम पाण्याची कुंडं

इथे थोडं थांबून बोलतो, कारण या गोष्टीकडे कुणी धोका म्हणून पाहत नाही. डॉमिनिका ज्वालामुखींचं बेट आहे. रोझोजवळच्या वॉटन वेव्हन गावात गंधकाच्या गरम पाण्याची कुंडं आहेत, आपल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीसारखी. दुखऱ्या गुडघ्यांना बरं वाटतं, यात शंका नाही. पण अनेक वर्षांच्या मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असते. पाणी भाजण्याइतकं गरम आहे हे पायाला कळतच नाही आणि संध्याकाळी मोजा काढल्यावर फोड दिसतो. म्हणून आधी कोपर बुडवून पाहा, किंवा ज्याला मधुमेह नाही त्याला पाण्यात हात घालायला सांगा. तळव्याला जखम किंवा भेग असेल तर पाय पाण्यात घालूच नका.

ब्लड प्रेशरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी दहा मिनिटांत बाहेर यावं, तेही हळू उठून, कुणाचा तरी हात धरून. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, प्रेशर उतरतं आणि ओल्या दगडांवर चक्कर येते. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर कुंडाचा नाद सोडा.

बेटावरचं सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे बॉइलिंग लेक, खरोखर उकळणारं तळं. जाऊन-येऊन सहा-सात तासांची चढ-उताराची पायपीट, वाटेत वाफ आणि गंधकाचे वायू सोडणारी दरी. मध्येच छातीत दुखलं तर गाडी तिथे पोहोचत नाही. हृदयविकार, दमा किंवा गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना मी नको म्हणतो. ट्रॅफल्गर धबधबा आणि एमराल्ड पूल रस्त्यापासून जवळ आहेत आणि सुंदरही आहेत.

मासे, नद्या आणि डास

मासे खाणाऱ्यांसाठी एक सूचना. बॅराकुडासारख्या प्रवाळाजवळच्या मोठ्या माशांमध्ये कधी कधी सिग्वाटेरा नावाचं विष असतं. मासा ताजा असला, कल्ले लालबुंद असले, नीट शिजवला, तरी ते जात नाही. उलट्या, जुलाब, तोंडाभोवती मुंग्या आणि गार वस्तू गरम लागणं ही त्याची लक्षणं. असे मोठे मासे टाळा, लहान मासे खुशाल खा.

पायाला जखम असताना नदीत उतरू नका. लेप्टो कोकणात होतो तसा तिथेही होतो. डेंग्यूचे डास दिवसाही चावतात, त्यामुळे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारं मलम हवंच. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल घ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन चालू असेल तर ते स्वतःहून बंद न करता लगेच डॉक्टरांना विचारा. गरोदर असाल किंवा मूल हवं असेल तर झिकाबद्दल तिकीट काढण्यापूर्वी बोला.

परतताना

डॉमिनिकात पीतज्वर नाही. पण क्रिकेटच्या दौऱ्याबरोबर त्रिनिदाद किंवा गयानालाही जाणार असाल, तर भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र मागतात आणि ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. वय ६० च्या पुढे असेल, किंवा स्टेरॉइड, केमोथेरपी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा, कारण ही जिवंत विषाणूची लस आहे.

घरी आल्यावर महिन्याभरात ताप आला, तर "व्हायरल असेल" म्हणून घरी बसू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की कॅरिबियनला जाऊन आलो, आणि नदीत उतरला होतात का, तेही सांगा.