जुना माणूस, चुकता हिशोब
कामाची माणसं : लेखांक ९

मागच्या आठवड्यात नवा माणूस घेताना काय पाहावं ते बोललो. आजचा विषय त्याहून अवघड. सव्वीस वर्षं आपल्याकडे असलेल्या माणसाच्या हातून काम होईनासं झालं, तर काय करायचं?

नागपूरच्या इतवारीतल्या एका पेढीवरचे दिवाणजी माझ्या पाहण्यातले. पानभर बेरीज तोंडी करायचे. २०१७च्या जुलैत जीएसटी आला, बिलं संगणकावर गेली आणि यांची गाडी अडली. खरेदीचा आकडा विक्रीत पडू लागला. मालक काही बोलले नाहीत. त्यांनी एक पोरगा ठेवला. दिवाणजी घरी गेले की तो रोज त्यांच्या नोंदी दुरुस्त करत बसायचा. अशी पाच वर्षं गेली. मग एकदा पोरगा पगारवाढीसाठी अडून बसला आणि सगळं बाहेर आलं. दिवाणजी एवढंच म्हणाले, "भाऊ, आधी सांगितलं असतं तर मी गोदाम पाहिलं असतं ना."

मालक याला माया म्हणतात. मला ती टाळाटाळ वाटते. तिची किंमत पोराने रोज संध्याकाळी मोजली आणि दिवाणजींनी एकदम, चारचौघांत. चूक आकड्यांची की डोळ्यांची, हेही कोणी विचारलं नव्हतं. संगणक शिकवायला तर कोणी बसलंच नव्हतं.

नागपूरला हा प्रश्न नवा नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे १ जानेवारी १८७७ला सुरू झाली. सरावलेला हात टिकवणं गिरणीच्याच फायद्याचं, हे त्यांनी ओळखलं. १८८६त पेन्शन फंड आला, १८९५त अपघाताची भरपाई. भरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडलं.

सरकारी नोकरीत आज निदान एक आधार आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं, तर २०१६च्या कायद्यानुसार त्या माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. झेपेल असं दुसरं काम त्याच पगारात द्यावं लागतं. खासगी पेढीवर हे बंधन नाही. तिथे मालकाने दार लावून, समोर बसवून, खरं बोलायचं असतं. गोदाम पाहणाऱ्याला दिवाणजींचा पगार द्यावा का? माझ्या मते द्यावा. बाकीचे कुरकुरतील, कुरकुरू द्यावं. पण पोराचा पगारही त्याच दिवशी वाढवावा.

आणि ते जमत नसेल, निरोपच द्यायचा असेल, तर राजीनामा लिहून घेतल्याने ग्रॅच्युइटी बुडत नाही. दहा माणसांच्या पेढीलाही ती लागू आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,२०० रुपये धरा : भागिले २६, गुणिले १५, गुणिले २६ वर्षं. दिवाणजींचे २,७३,००० रुपये होतात.