कारखान्याची किल्ली

घराला नवे कुलूप लावताना त्याची किल्ली परक्यापाशी नाही ना, याची खातरजमा प्रत्येक गृहस्थ करतो. घरात कॅमेरा किंवा राउटर येतो तेव्हा मात्र कारखान्याने दिलेला परवलीचा शब्द पुष्कळदा तसाच राहतो. आणि तो त्या जातीच्या हजारो यंत्रांना एकच असू शकतो.

या हलगर्जीपणाचे मोल २०१६ साली जगाला कळले. 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीपाशी असे साठेक ठरीव शब्द होते. ते एकामागून एक लावून पाहत तिने लक्षावधी यंत्रे हस्तगत केली. २१ ऑक्टोबर रोजी त्यांतील अनेक यंत्रांनी संकेतस्थळांचे पत्ते सांगणाऱ्या 'डाइन' या अमेरिकन कंपनीवर मागण्यांचा भडिमार केला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी स्थळे अनेकांना काही तास दिसेनाशी झाली. यंत्रांच्या बहुतेक धन्यांना याची गंधवार्ताही नव्हती.

उपाय साधा आहे. मिराई यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीतच राहत असे. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की ती पुसली जाई. परंतु शब्द जुनाच असल्यास ती काही मिनिटांतही परत शिरे. म्हणून यंत्र पुन्हा सुरू करताच लांब व स्वतंत्र शब्द ठेवावा, उत्पादकाने दिलेली सुधारणा घ्यावी आणि बाहेरून यंत्र हाताळण्याची सोय गरज नसल्यास बंद करावी. ज्याचा शब्द बदलताच येत नाही, ते यंत्र इंटरनेटला न जोडणेच श्रेयस्कर. आपले दार उघडे राहिले, तर चोर त्यातून शेजाऱ्याच्या घरावरही चालून जातो.