टिपरचं डिफ लॉक कधी दाबायचं?

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या आसपास जुन्या सरकारी वसाहती पाडून टॉवर उभे राहताहेत. पावसाळ्यात तिथल्या खोदकामातून मातीने भरलेला टिपर काढायचा म्हणजे कसोटीच! एक चाक गरगरतं, दुसरं ढिम्म. साधं डिफरन्शियल दोन्हींकडे सारखाच जोर पाठवतं, आणि चिखलात फिरायला जोर तो कितीसा लागणार? पकड असलेल्या चाकालाही मग तेवढाच मिळतो. लॉक दाबलं की हवेच्या दाबाने दातेरी क्लच दोन्ही चाकं एकत्र जखडतो.

पण चाक घसरत असताना बटण दाबलंत तर दाते गेलेच समजा. आधी गाडी थांबवा. लॉकमध्ये वेग कमी, स्टिअरिंग शक्यतो सरळ. पक्का रस्ता लागायच्या आत लॉक काढा. तरीही लॉकचा दिवा विझत नसेल तर ॲक्सिलरेटर जरा सोडा, अडकलेले दाते सुटतात.